चढावरचा हिसका

पहाटे पावणेसहाला मुळशीच्या चढावर हिंजवडीला कामावर जाणाऱ्या बायांची सतरा सीटर गाडी थांबायची. थांबा असा काही नव्हताच. भिवाजीच्या गॅरेजचा पत्रा आणि त्यापुढचं जांभळाचं झाड, हाच थांबा. झाडाखालून गोजराबाई डबा सावरत गाडीत चढायची, दार आपटायचं, आणि निघताना गाडी असा हिसका द्यायची की आतल्या बाया एका सुरात ‘आगं बया’ म्हणायच्या.

गॅरेजच्या मागच्या खोलीत भिवाजी पांघरुणाखाली तो हिसका ऐकायचा. गणपतीपासून रोज ऐकत होता. ऐकायचा आणि कूस बदलायचा.

“ऐकलं का?” चहाचं आधण ठेवता ठेवता त्याची बायको गंगूबाई विचारायची.

“काय?”

“काय न्हाई. झोपा.”

हिसक्यानंतर हॉर्न वाजायचा, दोनदा, हलकाच. तो खास भिवाजीसाठी. गाडी चालवणारी गौतमी त्याच्याच वस्तीतली. दोन वर्षांपूर्वी परवाना काढला तेव्हा पेढा घेऊन पहिली त्याच्याकडे आली होती. “जय भीम, आबा. आता तुमच्या दारावरनं रोज जानार.” तेव्हापासून हॉर्न चुकला नव्हता.

भिवाजी एकसष्टचा. चौतीस वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढली. आता उजवा खांदा वर जात नव्हता, डावा गुडघा खाली बसू देत नव्हता. मधल्या मधे जेवढा माणूस उरला होता तेवढ्यावर गॅरेज चालायचं. हाताखाली कोणी टिकलं नाही. ज्याला नीट पाना धरता आला तो हिंजवडीकडे गेला. राहिली गंगूबाई. लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती भिवाजीला बत्ती धरायची. आधी टॉर्च, मग वायरचा बल्ब, आता चार्जिंगचा दिवा. गाडीच्या एकाही भागाचं नाव तिला येत नव्हतं, पण उजेड कुठं हवा ते त्यानं सांगायच्या आत तिला कळायचं.

मुळशीत शनिवार-रविवार पुण्याच्या माणसांचे. म्हणून धरणाकाठच्या रिसॉर्टांच्या गाड्या, जीपा, टेम्पो, सगळ्यांची दुखणी नेमकी गुरुवारी-शुक्रवारी निघतात. ‘शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता गाडी बाहेर’ ही भिवाजीची एकच फुशारकी. चौतीस वर्षांत ती वेळ चुकली नव्हती. ती चुकू नये म्हणून काय काय करावं लागलं, ते त्याला माहीत आणि बत्तीला माहीत.

*

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी दहाच्या सुमाराला सतरा सीटर चढावरून सरळ गॅरेजात वळली. मागून मोटारसायकलवर हैबतराव. गाडीचा मालक. अंगात पांढरं, पायात पांढरं, आणि गॅरेजातल्या कशालाही अंग लागू नये म्हणून हात मागे बांधलेले.

“भिवा, क्लचप्लेट गेली.”

“कशावरनं?”

“वासावरनं. सकाळी हिंजवडीच्या पुलावर समद्या बायांनी नाकाला पदर लावला. गणपतीत नवी टाकली व्हतीस ना? चार महिनं न्हाई झालं.”

गौतमी गाडीतून उतरली. किल्लीची रिंग तिच्या बोटात होती आणि ती अंगठ्यानं ती फिरवत राहिली.

“उद्या सातला गाडी पायजे,” हैबतराव म्हणाला. “शनिवारी भूगावची पार्टी हाय रिसॉर्टला. आन् दुसरं. मला एक कागद लिहून दे.”

“कसला?”

“चालवनाऱ्याची चूक म्हनून. हाफ क्लच, पेडलवर पाय ठिवूनच चालवती म्हनून. तूच म्हनला व्हतास की गणपतीत.”

भिवाजीनं चिंधीला हात पुसले. म्हणाला तर होताच.

“त्या हिंजवडीच्या कंपनीतल्या मेधा मॅडमचं टुमणं हाय, बाया पहाटं चढत्यात तर चालवनारी बाईच पायजे. आता बाईमानूस क्लच जाळतंय तर मी काय करू? तर म्हनत्यात, मेकॅनिकचा कागद आना, मग बदला ड्रायव्हर. तू कागद दे, सोमवारपास्नं आमचा अतुल बसंल गाडीवर.”

“मी हाफ क्लचवर चालवत न्हाई,” गौतमी म्हणाली.

“मग प्लेट काय उंदरांनी खाल्ली?”

“ते मला म्हाईत न्हाई.”

“तुला म्हाईत न्हाई, ह्याला म्हाईत हाय. ह्यानंच सांगितलंय.” हैबतरावानं भिवाजीकडे बोट केलं, मोटारसायकलला किक मारली आणि जाता जाता ओरडला, “उद्या, सात!”

धूळ खाली बसली. गौतमीनं रिंग बोटातून काढून बाकावर ठेवली.

“लिहा मग,” ती म्हणाली. “तुमी लिहिलं म्हंजे संपलंच. मालक, मॅडम, समद्यांचा तुमच्या शब्दावर इस्वास.”

भिवाजीला त्या क्षणी फक्त बसायचं होतं. प्लेट टाकायची, दोन ओळी लिहायच्या, सात वाजता गाडी बाहेर. शरीरात तेवढंच काम शिल्लक होतं. त्यानं टेकायला बाक ओढला.

“आबा, माझ्यासंगं एक फेरी मारा. एकच. मग लिहा काय लिहायचं ते.”

“आगं, फेरी मारून काय दिसनार? प्लेट गेलीय ती गेलीय.”

“जा की,” आतून गंगूबाईचा आवाज आला. “एक फेरीच मागतीय. किडनी न्हाई मागत.”

*

भिवाजी शेजारच्या सीटवर बसला. गौतमीनं चपला सीटखाली सरकवल्या. ती अनवाणीच चालवायची. पायाला गाडी कळते म्हणायची.

धरणाच्या रस्त्याला ती वर-खाली गेली. चढ आला की थांबायची, हँडब्रेक ओढायची, पुन्हा उचलायची. पहिल्यांदा गाडी लोण्यासारखी निघाली. दुसऱ्यांदाही. पाचव्या वेळेला बारीक थरथर आली, आठव्या वेळेला आरसे हलले, आणि दहाव्या वेळेला तो हिसका आला, भिवाजीच्या ओळखीचा. पांघरुणातून ऐकताना तो दूरचा वाटायचा. इथं तो मणक्यात शिरला.

“सकाळी कवा सुरू हुतं?” त्यानं विचारलं.

“पहिल्या चार थांब्यांना काय न्हाई. तुमच्या झाडापाशी येईस्तवर सुरू. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी तर गाडीला हिव भरतं. मी उतरून इंजिनावर गोधडी टाकायची तेवढी राह्यलीय.”

त्याला हसू आलं नाही. तो तिच्या डाव्या पायाकडे बघत होता. क्लच सोडला की पाय पेडलवरून पूर्ण उठायचा आणि शेजारी जमिनीवर जाऊन पडायचा, दर वेळी त्याच जागी. तिथलं मॅटिंग टाचेनं घासून घासून फाटलं होतं, खालचा पत्रा दिसत होता. आणि पेडलच्या रबराच्या रेघा मात्र अजून शाबूत होत्या. ज्याचा पाय पेडलवर मुक्कामाला असतो त्याचं रबर गुळगुळीत होतं. हे भिवाजीनं शेकडो गाड्यांत पाहिलं होतं. गणपतीतही दिसलं असतं, वाकून पाहिलं असतं तर.

“चल माघारी,” तो म्हणाला. “गिअरबॉक्स उतरवू.”

*

गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन धडधाकट माणसांचं काम. इथं एकसष्ट वर्षांचा एक खांदा, गौतमी आणि बत्ती. भिवाजी खाली सरकला. गौतमीनं कप्पीची साखळी धरली.

“सोड. हळू. आजून. थांब! थांब म्हनलं की थांबायचं, इच्यारायचं न्हाई.”

“मी काय इच्यारलं?”

“तोंडावर दिसलं.”

“तुमी खाली, मी वर. तोंड दिसलं कुटनं?”

“माझं दिसतंय त्यांस्नी,” गंगूबाई म्हणाली. “माझ्याकडंच बघून वरडत्यात. सवय हाय.”

तासाभरानं गिअरबॉक्स लाकडी ठोकळ्यांवर टेकला. भिवाजीचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं क्लचची जुनी प्लेट काढून मांडीवर घेतली. ताटाएवढी चकती, दोन्ही अंगांनी अस्तर लावलेली. हाफ क्लचवर घासलेली प्लेट सगळीकडून सारखी झिजते. ही तशी नव्हती. तीन-चार ठिकाणी काळी ठिक्कर, मधे मधे बरी. तव्याचा एक भाग जास्त तापावा आणि भाकरी तेवढीच करपावी, तशी.

आता तवा बघायचा होता. म्हणजे फ्लायव्हील. इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी आवळलेलं जड लोखंडी चाक. प्लेट ह्याला चिकटते तेव्हा इंजिनाचा जोर गाडीच्या चाकांकडे जातो. ते सपाट आणि सरळ असलं तर गाडी लोण्यासारखी निघते. तापून वाकडं झालं, की प्लेट कुठं धरते, कुठं सोडते, आणि गाडी थरथरते.

भिवाजीनं वर पाहिलं नाही. पाहायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. गंगूबाईनं न सांगता दिवा बरोबर तिथं नेला.

लोखंडावर निळेकाळे डाग होते, जांभळं चिरडावीत तसे. चार डाग. आणि डागांमधून केसासारख्या बारीक रेघा, तडे.

“हे डाग मागल्या बारीला बी व्हते की,” गंगूबाई म्हणाली.

भिवाजीचा हात थांबला.

“मागल्या बारीला म्हंजे?” गौतमी साखळी सोडून खाली वाकली.

“गणपतीत. म्या बत्ती धरली व्हती. रेघा नव्हत्या तवा, डाग व्हते. ह्यांनी पालिस पेपर मारला, पुसलं, आन् बसवलं. शुक्रवार व्हता ना.”

ती सहज बोलली की मुद्दाम, ते भिवाजीला नंतरही कळलं नाही. चौतीस वर्षांत तिनं गाडीखाली जे पाहिलं ते गाडीखालीच ठेवलं होतं.

गंगूबाईनं दिवा तिथंच धरून ठेवला. वर रस्त्यावरून एक ट्रक चढ चढत गेला.

“खडू आन,” भिवाजी म्हणाला.

“आधी सांगा.”

“खडू आन, मग सांगतो. डोळ्यांनी बघ आधी.”

त्यानं एका टेकूवर हात स्थिर धरून खडू फ्लायव्हीलच्या अगदी जवळ नेला, पण टेकवला नाही. गौतमीला पुढं जाऊन पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायला सांगितलं. चाक सरळ असतं तर खडू एक तर कुठंच लागला नसता, नाही तर गोल सगळीकडं लागला असता. एक पूर्ण फेरा झाल्यावर त्यानं तिला खाली बोलावलं. खडूची पांढरी रेघ एकाच बाजूला उमटली होती, डागांच्या बाजूला. बाकीचं चाक कोरं.

“ह्ये वाकलंय,” तो म्हणाला. “तापलं की आनखी वाकतं. प्लेट बिचारी काय करंल? धरती, सुटती, जळती. तुझ्या पायाचा संबंध न्हाई.”

“आणि गणपतीत तुमाला हे म्हाईत व्हतं.”

“डाग दिसले व्हते. लेथवर घासून सपाट करायला न्यायला पायजे व्हतं, पिरंगुटला. न्हाई तर नवीन. दोन दिस गेलं असतं.” तो कागदावरचं वाचून दाखवावं तसा बोलत होता. “पाच वाजलं व्हतं. सातला गाडी पायजे व्हती. हैबतरावानं इच्यारलं, प्लेट एवढ्या लवकर कशी गेली? म्या म्हनलं, हाफ क्लच.”

“कशापायी?”

“तोंडात आलं.”

“अतुलदादा चालवत असता तर आलं असतं तोंडात?”

भिवाजीनं हातातला खडू खाली ठेवला. 

गौतमी गाडीच्या चाकाला टेकून बसली. तिचे अनवाणी पाय ग्रीसनं काळे झाले होते. डावा पाय तिनं पुढं घेतला आणि त्याच्याकडे बघितलं.

“गणपतीपास्नं मी रोज संध्याकाळी बाया सोडल्या की धरणाच्या रस्त्याला जायचे,” ती म्हणाली. “एकटी. चढावर थांबायचं, उचलायचं. थांबायचं, उचलायचं. तीस-तीस, चाळीस-चाळीस येळा. पाय सुधरायला. आबा म्हनतात म्हंजे पायच वाईट असनार. आई म्हनायची, गाडीला एवढा वेळ का लागतो गं? मी म्हनायचे, ट्रॅफिक.” ती थांबली. “म्हंजे प्लेट मीच जाळली की. शिकता शिकता.”

“तू न्हाई. म्या जाळली.”

“व्हय,” ती म्हणाली. “तुमीच.”

तिनं उठून चपला शोधल्या. गंगूबाईनं चहा विचारला, तिनं मान हलवली. निघताना “येते” म्हणाली, गंगूबाईकडे बघून. आबा म्हणाली नाही.

*

संध्याकाळच्या फेरीला हैबतरावानं दुसरी गाडी लावली, अतुलच्या हाती. शुक्रवारी पहाटे तीच गाडी झाडाखाली थांबली. भिवाजी जागाच होता. गोजराबाई चढताना म्हणाली ते त्यानं ऐकलं, “बाबा, फोन ठिव की खाली. आमी चढतोय, शेरडं न्हाई.”

दुपारी बाराला हैबतराव आला. त्यानं मोकळा गिअरबॉक्स पाहिला, बाजूला पडलेली प्लेट पाहिली.

“आजून उघडंच? सातला कसं व्हनार?”

“न्हाई व्हनार,” भिवाजी म्हणाला.

हैबतरावाला ऐकू आलं नाही असं वाटलं. चौतीस वर्षांत हे वाक्य ह्या गॅरेजात कोणी ऐकलं नव्हतं.

“फ्लायव्हील गेलंय. नवं टाकायला लागंल.”

“लेथला दे. घासून आन.”

“घासून झालंय मागल्या मालकाच्या टायमाला एकदा. आता तडे हायेत. हे बघा.” भिवाजीनं दिवा धरला. आज गंगूबाई नव्हती, मुद्दाम नव्हती; पलीकडे कपडे आपटत होती. “घाटात जोरात फिरताना फुटलं तर पत्रा फाडून वर यील. वर पंधरा बाया बसत्यात.”

हैबतराव पहिल्यांदाच वाकला. पांढरी पँट गुडघ्यावर काळी झाली, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

“बरं. टाक नवं. पन शनिवारची पार्टी गेली की माझी! आन् त्या कागदाचं काय? प्लेट तर हाफ क्लचनं गेली ना? तू म्हनला व्हतास.”

“म्या खोटं बोललो व्हतो.”

“काय?”

“तवाच डाग व्हते. म्या पालिस पेपर मारून बसवलं. तिचा पाय चांगला हाय. माझ्यापेक्षा चांगला.”

हैबतराव उभा राहिला. कंबरेवर हात ठेवून त्यानं भिवाजीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जुनी गाडी विकत घेताना बघतात तसं.

“म्हंजे तू कागद देत न्हाईस.”

“देतो की. लिहून ठिवलाय.”

वहीतलं एक पान होतं. त्यावर भिवाजीच्या मोठ्या, एकेक पाय रोवून उभ्या असलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘फ्लायव्हील तापून वाकले व तडकले होते. त्यामुळे प्लेट जळाली. गणपतीत त्यावरचे डाग मी बघितले होते. तरी तसेच बसवले. चालवणारी गौतमी हिची चूक नाही. माझी आहे.’ खाली सही.

हैबतरावानं ते दोनदा वाचलं.

“ह्ये मॅडमला दावलं तर उद्या मुळशीत कोन गाडी लावंल तुझ्याकडं? खुळा झालास का, भिवा?”

“दमलोय.”

“मी तर न्हाई लावनार. सांगून ठिवतो. माझ्या दोन्ही जीपा आता पिरंगुटला जात्याल.”

“जाऊ द्या.”

हैबतरावानं कागदाची घडी घातली. फाडली नाही. खिशात ठेवली. त्या खिशातून ती मॅडमपर्यंत पोचणार की नाही, ते विचारायची ताकद भिवाजीत नव्हती. पण मोटारसायकल चढावरून गेल्यावर कपडे वाळत घालता घालता गंगूबाई म्हणाली, “गौतमीनं सकाळीच येऊन त्या कागदाचा फोटू काढला. तुमी पेंगत व्हता.”

सात वाजले. गाडी आतच होती. भिवाजी दारात बाकावर बसला. समोरून पुण्याच्या गाड्या दिवे लावून धरणाकडे निघाल्या होत्या, एकामागं एक. त्याला वाटलं होतं आपल्याला काहीतरी लागेल, बोचेल. फक्त पाय दुखत होते.

*

नवं फ्लायव्हील पिरंगुटला मिळालं नाही. शनिवारी दुपारी गौतमीनं ते पुण्याहून आणलं, स्कूटरवर, दोन पायांच्या मधे पोत्यात गुंडाळून. पोतं उतरवताना दोघांनाही धाप लागली.

काम रविवारवर गेलं. इंजिनाच्या मागची बैठक भिवाजीनं कापडानं पुसली, मग बोटानं, मग पुन्हा कापडानं. एक कण राहिला तरी चाक तिरकं बसतं. बोल्ट त्यानं समोरासमोरचे आवळायला घेतले, एकदम नाही. तीन फेऱ्यांत थोडे थोडे. त्याचा खांदा शेवटच्या फेरीला उठेना.

“आन इकडं,” गौतमी म्हणाली. पाना तिनं घेतला.

“कट् आवाज आला की थांबायचं. त्याफुडं एक सूत न्हाई.”

“म्हाईत हाय.”

“कुटनं म्हाईत?”

“दोन दिवस मोबाईलवर तेच बघतीय.”

गंगूबाईनं दिवा सरकवला. खडू आला. इंजिन हळू फिरलं. खडू चाकाला जरासा भिडवला, तर रेघ गोल उमटली, सगळीकडे सारखी, कुठं जाड नाही, कुठं तुटली नाही. भिवाजीनं ती बोटानं पुसली नाही. गौतमी ओणवी होऊन तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं स्वतःच कापड घेऊन पुसली.

नवी प्लेट, तिला दाबून धरणारी नवी प्रेशर प्लेट, वर गिअरबॉक्स. चार वाजता गाडी खाली उतरली. गौतमी धरणाच्या रस्त्याला घेऊन गेली. भिवाजी गेला नाही. त्याला गाडीत चढणं जमलं नसतं. वीस मिनिटांनी ती आली, गाडी बंद केली, किल्ली बाकावर ठेवली.

“कशी हाय?”

“नीट.”

“मॅडमचा फोन आला का?”

“फोटो पोचला म्हनाल्या. मालकाशी बोलते म्हनाल्या. बाकी काय न्हाई.”

ती पायांवर पाणी घेत होती. ग्रीस निघता निघत नव्हतं. भिवाजीनं रॉकेलची बाटली आणि चिंधी पुढं सरकवली. तिनं ती घेतली.

“गौतमे,” तो म्हणाला.

“काय?”

त्याच्याजवळ वाक्य होतं. तीन दिवस होतं. पण ते इतकं लहान होतं, की चाळीस-चाळीस वेळा चढ चढलेल्या त्या चार महिन्यांपुढं ते ठेवायची त्याला लाज वाटली.

“काय न्हाई. टाचंला बी लाव.”

अंधार पडायच्या आत हैबतराव आला आणि कोणाशी न बोलता किल्ली घेऊन गाडी घेऊन गेला. सोमवारी तिच्यावर कोण बसणार, ते त्यानं सांगितलं नाही. भिवाजीनं विचारलं नाही.

*

सोमवारी पहाटे भिवाजी साडेपाचलाच डोळे उघडून पडला होता. खांदा गादीला टेकत नव्हता. गंगूबाईनं चहाचं आधण ठेवलं, पण ती चुलीजवळ बसली नाही, दाराशी उभी राहिली.

खालून इंजिनाचा आवाज चढत आला. सतरा सीटर. भिवाजीनं आवाज ओळखला. पण चालवणारा आवाजात दिसत नाही, आणि झाडाकडच्या बाजूला फक्त दार येतं. चालकाची सीट पलीकडे, रस्त्याच्या अंगाला. गाडी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज. गोजराबाईच्या चपला.

“हळू गं, डबा तिरपा हुईल,” गोजराबाई कोणाला तरी म्हणाली. आतून कोणी हात दिला असावा.

दार आपटलं. भिवाजीनं श्वास धरला.

काहीच झालं नाही. इंजिनाचा सूर थोडा खाली गेला, मग भरला. चाकांखाली खडी बारीक करकरली.

“काय गं,” गोजराबाईचा आवाज उघड्या खिडकीतून आला, जरा घाबरलेला, “गाडी निघाली का उभीच हाय?”

“निघाली, गोजराकाकू. कवाच निघाली. दांडा सोडा आता, बसा खाली.”

गौतमीचा आवाज. आतल्या बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, “तिला हिसक्याबिगर करमंना!” पुन्हा हसणं, आणि मग ते हसणंही चढ चढून दूर गेलं.

भिवाजी हॉर्नची वाट बघत राहिला. चढ संपतो ते वळण आलं असेल. वळणापलीकडची शाळा आली असेल. हॉर्न वाजला नाही.

“ऐकलं का?” गंगूबाईनं दारातून विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला.

ती आत आली, चहा गाळला, त्याचा कप उशाशी ठेवला. गॅरेजात आज एकही गाडी नव्हती. जुनं फ्लायव्हील भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, खडूची अर्धी रेघ अजून त्याच्यावर होती.

“चहा निवतोय.”

“निवू दे.”

त्यानं पांघरूण वर ओढलं आणि दुखऱ्या खांद्यावर न येता, सावकाश, कूस बदलली.